प्रकाश परत देणारे रंग

भाषणाचा विषय पत्रिकेवर वाचून काही मित्रांनी आम्हाला वाटेत अडवून विचारले, "संघटनेचे काम सोडून रसायनशाळा कधीपासून काढली?" प्रश्न रास्त आहे. आमचे उभे आयुष्य कामगारांच्या सभा, हजेरीपत्रके, बोनसच्या वाटाघाटी आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या यांत गेले. शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. या विषयाकडे आम्हाला ओढून नेले ते एका कामगाराच्या जखमी डोळ्याने. तेव्हा ती हकिकत प्रथम सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक सभासद एका कारखान्यात ग्राइंडरवर काम करीत असे. एके दिवशी लोखंडाचा बारीक कण उडून त्याच्या डोळ्यात गेला. त्याने डोळा पाण्याने धुतला, कण निघून गेला, पण डोळा लाल झाला आणि ठणकू लागला. मुकादमाने पापणी वर करून पाहिले आणि निकाल दिला, "डोळ्यात काही नाही. कामावर उभा राहा." संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, डोळ्यात काही नाही म्हणतात, मग उघडवत का नाही?" आम्हीही दिव्याखाली पाहिले. खरेच, काहीच दिसेना.

दुसऱ्या दिवशी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी नारिंगी टोकाची एक कागदी पट्टी काढली, थेंबभर पाण्याने ओली केली आणि खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवली. मग निळा दिवा लावून आम्हाला म्हणाले, "या, तुम्हीही पाहा." बुबुळावर एक हिरवीगार रेघ लखलखत होती. काल जी जखम कोणालाच दिसत नव्हती, ती आता आपली लांबी-रुंदी स्वतः सांगत होती. डॉक्टरांनी ती कागदावर लिहून दिली आणि त्या कागदाच्या जोरावर त्या कामगाराला औषधोपचार आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी मिळाली. आम्ही आजवर पुष्कळ साक्षीदार उभे केले, पुष्कळ फुटलेलेही पाहिले. इतका चोख साक्षीदार मात्र पाहिला नव्हता. त्याचे नाव फ्लुओरेसीन. हा एक सेंद्रिय रंग आहे आणि अशा रंगांचे मोठे घराणेच आहे. हे रंग काय करतात, कसे तयार होतात, आपल्या उपयोगी कोठे पडतात आणि कोठे घातक ठरतात, एवढे सांगण्याचा आमचा विचार आहे.

रंग आणि प्रकाश

साधा रंग म्हणजे काय ते आधी पाहू. कुंकू लाल दिसते, कारण त्यावर पडलेल्या पांढऱ्या उजेडातील निळा-हिरवा भाग ते शोषून घेते आणि तांबडा भाग तेवढा आपल्याकडे परतवते. शोषलेल्या भागाची उष्णता होते आणि ती विरून जाते. 'शोषण' हा शब्द आम्ही चळवळीत वेगळ्या अर्थाने वापरतो, पण रसायनशास्त्रातही हाच शब्द आहे. फरक एवढाच की काही रंग शोषलेले सारे गिळून टाकतात आणि काही रंग त्यातला बराचसा भाग प्रकाशाच्याच रूपाने परत करतात. या दुसऱ्या जातीला प्रतिदीप्त रंग म्हणतात आणि त्यांच्या या गुणाला प्रतिदीप्ती, अथवा अनुस्फुरण.

परत मिळणारा प्रकाश घेतलेल्या प्रकाशासारखाच नसतो. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे जे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना जंबुपार अथवा अतिनील किरण म्हणतात. प्रतिदीप्त पदार्थ असे न दिसणारे किरण घेऊन दिसणारा प्रकाश देऊ शकतो. १८४५ साली जॉन हर्शेल यांनी नोंदवले की क्विनीनच्या द्रावणाच्या पृष्ठभागाशी निळसर झाक दिसते. हे क्विनीन म्हणजे हिवतापावरचे औषध, आमची आजी ज्याला कोयनेल म्हणे तेच. पुढे १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि क्विनीनची नळी त्यातून सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात नाही, हिरव्यात नाही. जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्याला नुसता अंधार दिसतो तेथे, नळी निळी उजळली. फ्लोरस्पार नावाच्या खनिजातही असाच गुण दिसतो म्हणून स्टोक्स यांनी या प्रकाराला 'फ्लुओरेसन्स' असे नाव दिले.

हा प्रयोग घरी करता येतो. मोंढ्यातल्या कोणत्याही दुकानात नोटा तपासण्याचा जांभळट दिवा असतो, तो घटकाभर मागून आणा. पेल्यात थोडे सॅनिटायझर घेऊन त्यात चिमूटभर हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि खोलीत अंधार करून दिवा लावा. पिवळे पाणी हिरवट तेजाने उजळलेले दिसेल. पालकाची पाने स्पिरिटमध्ये चुरून पाहिलीत तर हिरव्या पाण्यातून लालसर प्रकाश निघेल. दिव्याकडे मात्र रोखून पाहू नका. ते किरण डोळ्याला चांगले नव्हेत आणि डोळ्याची किंमत आम्ही आताच सांगितली आहे.

रेणूच्या घरात काय घडते

हे घडते कसे? एखादा वांड पोरगा एका दमात घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर चढला असे समजा. रंगाच्या रेणूतील इलेक्ट्रॉन प्रकाशाचा कण गिळला की असाच उंच चढतो. पोरगा आधी टाकीवरून गच्चीवर हळूच उतरतो. तेवढी शक्ती उष्णतेत गेली. मग गच्चीवरून थेट अंगणात उडी मारतो. ही उडी म्हणजे परत आलेला प्रकाश. चढाईपेक्षा उडी नेहमी थोडी कमी उंचीची असते, म्हणून दिलेला प्रकाश घेतलेल्यापेक्षा कमी शक्तीचा असतो: जंबुपार दिले तर निळा मिळतो, निळा दिला तर हिरवा. घेतलेल्या आणि दिलेल्या प्रकाशातील या अंतराला आज स्टोक्स यांचेच नाव आहे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांत फ्लुओरेसीनच्या रेणूचे हे सारे नाटक आटोपते.

मग सगळेच रंग असे का चमकत नाहीत? पुष्कळ रेणूंच्या घराला आतून जिना असतो. पोरगा उडी मारण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो आणि सगळी शक्ती उष्णतेत जाते. ढिला, हलता, वळता रेणू म्हणजे जिन्याचे घर. ताठ, सपाट, जखडून बांधलेला रेणू म्हणजे बिनजिन्याचे. याचे उत्तम उदाहरण शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. आम्लात रंगहीन आणि अल्कलीत गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलीन विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते. ते आणि फ्लुओरेसीन ही सख्खी भावंडे. १८७१ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दोन्हींचे वर्णन केले. फिनॉल्फ्थॅलीनमधील दोन कडी मोकळ्या फिरू शकतात. फ्लुओरेसीनमध्ये त्याच दोन कड्यांच्या मध्ये ऑक्सिजनच्या एका अणूची अडणी बसलेली असते. त्या एका अडणीने घराचा जिना बंद होतो. फिनॉल्फ्थॅलीन नुसते गुलाबी दिसते, तर फ्लुओरेसीन अल्कलीच्या पाण्यात शंभर प्रकाशकण घेऊन नव्वदाहून अधिक परत देते.

हे रंग तयार कसे होतात

फ्लुओरेसीनची कृती ऐकली तर तिची साधेपणाने मौज वाटते. थॅलिक अनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल ही दोन पांढरी द्रव्ये घ्यावयाची. थॅलिक अनहायड्राइड पूर्वी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या नॅफ्थॅलीनपासून, म्हणजे आपल्या डांबरगोळ्यांच्या द्रव्यापासून करीत. रिसॉर्सिनॉल बेंझीनपासून करतात. दोन्ही एकत्र करून, झिंक क्लोराइडसारखा पाणी ओढून घेणारा पदार्थ घालून, १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाची. रिसॉर्सिनॉलचे दोन रेणू थॅलिक अनहायड्राइडच्या एका रेणूला दोन्ही बाजूंनी येऊन जुळतात, पाण्याचे दोन रेणू वाफ होऊन निघून जातात आणि मागे काळपट तांबडा गोळा राहतो. दिसायला तो अगदी नकोसा वाटतो. पण त्यातला कणभर सोड्याच्या पाण्यात टाकला की सारे पाणी हिरवट पिवळ्या तेजाने झळाळते. एक कोटी भाग पाण्यात एक भाग रंग असला तरी झाक डोळ्याला जाणवते.

एकदा घर बांधले की त्यात फेरफार करता येतात. फ्लुओरेसीनला ब्रोमीनचे चार अणू जोडले की इओसिन तयार होते. १८७४ च्या सुमारास हाइनरिश कारो यांनी ते बाजारात आणले. तांबड्या शाईत ते वापरीत आणि आजही रुग्णाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना प्रयोगशाळेत तेच वापरतात. मात्र ब्रोमीनचे जड अणू इलेक्ट्रॉनला दुसरी वाट दाखवतात, त्यामुळे इओसिनची चमक फ्लुओरेसीनपेक्षा कमी. रिसॉर्सिनॉलच्या जागी नायट्रोजनयुक्त फिनॉल घेतले की ऱ्होडामाइन मिळते. १८८७ साली ते प्रथम तयार झाले. त्याचा भडक गुलाबी रंग आणि नारिंगी चमक आपण सर्वांनी पाहिली आहे, त्याची गोष्ट शेवटी येईल.

कापड उजळविणाऱ्या द्रव्याची कृती याहून लांबलचक, पण कारागिरीच्या दृष्टीने फार सुंदर आहे. नायट्रोटोल्युइनपासून निघालेले दोन अर्धे भाग जोडून स्टिल्बीन नावाचा लांब, ताठ रेणू करतात. मग त्याच्या दोन्ही टोकांना सायन्युरिक क्लोराइड जोडावयाचे. या द्रव्याला क्लोरीनचे तीन आकडे असतात आणि गंमत अशी की तिन्ही आकडे एकाच उष्णतेला सुटत नाहीत. पहिला बर्फाच्या गारव्यातच सुटतो, दुसरा कोमट पाण्यात, तिसरा उकळीच्या जवळ गेल्यावर. प्रत्येक पायरीला कारागीर हवा तो भाग हव्या त्या आकड्याला अडकवतो. घाई केली की सारा घाणा बिघडतो. पाट्यावर उभ्या असलेल्या ऑपरेटरचे डोळे तापमापकावर आणि हात झडपेवर असतात. सायन्युरिक क्लोराइडची धूळ नाका-डोळ्यांना झोंबते आणि कातडी जाळते. तुमच्या सदऱ्याच्या शुभ्रपणात त्या माणसाच्या पाळीचाही वाटा आहे, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

गिरणगाव, माटुंगा आणि जालना

ही विद्या जर्मनीत वाढली खरी, पण तिचे एक माहेर आपल्याकडेही आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांना रंग हवे होते आणि रंग जाणणारी माणसे हवी होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रसायन-तंत्रशास्त्राचा विभाग सुरू केला. कापडाचे रसायनशास्त्र हा त्याच्या अगदी पहिल्या विषयांपैकी एक. पुढे माटुंग्यात त्याची स्वतःची वास्तू झाली. १९३८ साली डॉ. के. वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले आणि त्यांच्या संपादनाखाली १९७८ पर्यंत हा ग्रंथ आठ खंडांचा झाला. रंगांच्या रसायनशास्त्रात जगभर तो प्रमाण मानला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ही प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली होती.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावची धुराडी एकेक करून विझली. तो इतिहास आमच्या जिव्हाळ्याचा असला तरी आजचा विषय वेगळा आहे. गिरण्या गेल्या, पण गिरण्यांसाठी उभी राहिलेली विद्या टिकली. माटुंग्याची ती संस्था २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली, म्हणजेच आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. तेथील प्रा. एन. सेकर यांच्या गटाने कुमारिन, ऱ्होडामाइन अशा घराण्यांतील कितीतरी नवे प्रतिदीप्त रेणू घडवून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. आणि आमच्या श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे की याच संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ साली आपल्या जालन्यात सुरू झाला. सळया आणि बियाणे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावात ही विद्या चालत आली आहे. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरील कामगारांच्या मुलांनी तिच्या दारात जावे अशी आमची इच्छा आहे. हे भाषण करण्यामागचा तोही एक हेतू आहे.

धुण्यापासून दवाखान्यापर्यंत

आता उपयोग पाहू. पहिला उपयोग घरातला. आमच्या लहानपणी धुण्याच्या शेवटच्या पाण्यात आई नीळ घालीत असे. कापूस मुळात किंचित पिवळसर असतो. नीळ त्या पिवळेपणावर निळी छटा चढवते, पिवळेपणा झाकला जातो, पण कापड एकंदरीत किंचित मंद होते. पुढे टिनोपाल आणि रानीपाल आले. त्यांचे तंत्र निराळे. ती द्रव्ये उन्हातले जंबुपार किरण घेऊन निळा प्रकाश देतात. कापडात जो निळा प्रकाश कमी पडतो, तोच वरून घातला जातो. म्हणून ते 'पांढऱ्याहून पांढरे' दिसते. आज ही द्रव्ये कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत मिसळलेली असतात. पांढरा सदरा उन्हात पाहा आणि मग घरातल्या एलईडी दिव्याखाली पाहा. साध्या एलईडी दिव्यात जंबुपार किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे ती झळाळी ओसरलेली दिसेल. मळ निघणे आणि चमक चढणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे गृहिणींनी ओळखून असावे.

दुसरा उपयोग बाजारातला. साधा लिहिण्याचा कागद याच द्रव्यांमुळे जांभळ्या दिव्याखाली निळा पेटतो. नोटेचा खरा कागद तसा पेटत नाही. तिच्यावरील क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू तेवढे चमकतात. खोट्या नोटेचे नेमके उलटे होते: जेथे अंधार हवा तेथे उजेड.

तिसरा उपयोग पाण्याचा. दुष्काळाच्या गावात तो सांगितलाच पाहिजे. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी पात्रातल्या भेगांत गडप होते. तेथून सुमारे १२ किलोमीटरवर आख नदीचा मोठा झरा आहे. वरच्या काठावरील कारखानदार म्हणत, भेगा बुजवा, पाणी आमचे आहे. झऱ्यावर जगणारे म्हणत, बुजवाल तर आम्ही मरू. पाणी तेच की वेगळे, हे ठरेना. १८७७ साली प्राध्यापक क्नोप यांनी त्या भेगांत १० किलो फ्लुओरेसीनचा क्षार सोडला. सुमारे ६० तासांनी झरा हिरवागार चमकू लागला. वादाचा निकाल झाडाच्या पानावर नव्हे, पाण्यावरच लिहून आला. आज भूजलाचा माग काढण्यासाठी आणि जमिनीखालची गळती शोधण्यासाठी हेच तंत्र जगभर वापरतात. घाणेवाडीच्या तलावाकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हा जालनेकरांना, कोणाच्या वाटेचे पाणी कोठे झिरपते, या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावयास नको.

चौथा उपयोग पोलादाचा. धातूच्या पृष्ठभागावरील केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. तिच्यावर प्रतिदीप्त तेल लावतात, ते चिरेत शिरते, वरचे पुसून घेतात आणि जंबुपार दिव्याखाली चीर रेघ होऊन उजळते. विमानाच्या यंत्रांचे भाग असेच तपासतात. बुबुळावरील ओरखडा आणि पोलादातील चीर यांना उघडे पाडण्याची रीत मुळात एकच, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

पाचवा आणि सर्वांत मोठा उपयोग औषधोपचाराचा. डोळ्याची पट्टी आपण पाहिली. १९६१ साली अमेरिकेतील नोव्होटनी आणि आल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी फ्लुओरेसीन हाताच्या शिरेत टोचून डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मधुमेहाने कोणती वाहिनी गळते आहे हे त्यामुळे दिसू लागले. क्षयरोगाचा जंतू थुंकीत शोधण्यासाठी ऑरामाइन नावाचा पिवळा प्रतिदीप्त रंग वापरतात. तो रंग क्षयाच्या जंतूला असा चिकटतो की आम्लाने धुतले तरी सुटत नाही आणि काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे चमकतात. जुन्या पद्धतीत फार मोठे करून इंच-इंच शोधावे लागे. येथे कमी मोठे करून जास्त जागा एका नजरेत पाहता येते आणि काम लवकर उरकते. एलईडी दिव्याचे सूक्ष्मदर्शक आल्यावर हे स्वस्त झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

करोनाच्या काळात, २०२० साली, घरोघरी 'सीटी व्हॅल्यू' हा शब्द ऐकू येत होता. तो आकडा काय होता? नाकातील नमुन्यात विषाणूचा अंश असेल तर यंत्र तो प्रत्येक फेरीला दुप्पट करीत जाते आणि त्याला जोडलेला प्रतिदीप्त रंग अधिकाधिक चमकतो. ज्या फेरीत ही चमक ठरावीक रेषा ओलांडते, त्या फेरीचा तो आकडा. या चाचण्यांत नेहमी वापरला जाणारा एक रंग फ्लुओरेसीनचाच वंशज आहे. १८७१ साली एका जर्मन प्रयोगशाळेत जन्मलेल्या रेणूने दीडशे वर्षांनी जालन्याच्या घराघरांत कोण आजारी आणि कोण निरोगी हे सांगितले.

याच रंगांची दुसरी बाजू

येथे भाषण संपवले असते तर टाळ्या पडल्या असत्या. परंतु कामगार संघटनेच्या माणसाला नाण्याची दुसरी बाजू दाखवल्यावाचून घरी जाता येत नाही.

ज्या ऑरामाइनने क्षयाचे जंतू उघडे पाडले, ते तयार करणाऱ्या कामगारांचे काय झाले? १८९५ साली फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे प्रथम दाखवले. १९५४ साली इंग्लंडमध्ये केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगाच्या कारखान्यांतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. ऑरामाइन तयार करण्याच्या कामावरील माणसांनाही मूत्राशयाचा कर्करोग जास्त झाल्याचे त्यांना आढळले. ऑरामाइनचे उत्पादन हे काम माणसाला कर्करोग देणारे आहे, असा निर्वाळा पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला. रोग दिसावयास दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागतात. तोवर कामगाराने नोकरी बदललेली असते, कारखान्याने नाव बदललेले असते आणि हजेरीपत्रक वाळवीने खाल्लेले असते. रेनपासून केसपर्यंत ५९ वर्षे गेली. या अवधीत किती माणसे काहीच न कळता गेली असतील याचा हिशेब कोणाकडेच नाही. पोलादातील चीर उजेडात आणणारे रंग होते, पण ते घडविणाऱ्या माणसाच्या पोटातील गाठ बघण्याची कोणाला घाई नव्हती.

भोपाळची दुर्घटना १९८४ साली घडली. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, हाताळल्या जाणाऱ्या द्रव्यांचे धोके आणि त्यांवरील उपाय यांची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. कायद्यांची नावे बदलतात, कलमांचे आकडे बदलतात, पण पिंपावर काय आहे ते वाचता आले पाहिजे आणि विचारता आले पाहिजे, हा हक्क आपण सोडता कामा नये. पिंपावर 'पिवळा क्रमांक दोन' एवढेच लिहिले असेल तर कामगाराने पूर्ण नाव मागावे. आम्ही रसायनशास्त्र शिकू लागलो ते मुख्यतः ती नावे वाचता यावीत म्हणून.

दुसरा धोका ताटातला. ऱ्होडामाइन कापडाला, कागदाला, शाईला ठीक आहे. अन्नात घालण्यास त्याला परवानगी नाही. तरी जत्रेतल्या म्हातारीच्या कापसात त्याची गुलाबी झाक सापडते. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडू यांनी याच कारणाने कापूस-मिठाईवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकाने तिच्यातील आणि गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांना मनाई केली. ऑरामाइनने पिवळेधमक केलेल्या फुटाण्यांच्या आणि मिठाईच्या तक्रारीही देशात वारंवार होतात. रंग स्वस्त, चिमटीत घाणाभर माल रंगतो, आणि खाणारे बहुधा आपलेच लहान पोर असते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हे ऐकून कोणी नोटांचा दिवा घेऊन प्रत्येक मिठाईवाल्याच्या दुकानात शिरू नये. हळदही चमकते, पालकही चमकतो, आणि दोन्ही आपण रोज खातो. कोणते द्रव्य चमकते आहे आणि किती आहे, हे प्रयोगशाळेच्या तपासणीनेच ठरते. संशय आला तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा आणि पावती घ्यावी. मुलांना मात्र एवढे शिकवावे की कपड्यावर शोभणारा झगझगीत गुलाबी रंग जिभेसाठी नसतो.

तर असे हे रंग. त्यांना स्वतःचे मत नसते. दिवा ज्याच्या हातात असेल त्याला ते दाखवतात आणि दिवा कोणीच लावला नाही तर गप्प बसतात. त्या नेत्रतज्ज्ञाने निळा दिवा लावला नसता तर मुकादमाचे 'डोळ्यात काही नाही' हेच खरे ठरले असते. आमचा तो सभासद बरा झाला आणि पुन्हा ग्राइंडरवर उभा राहिला, या वेळी डोळ्यांवर गॉगल लावून. त्या गॉगलसाठी मात्र आम्हाला तीन बैठका घ्याव्या लागल्या. गॉगलची किंमत पाहता एक बैठक पुरेशी होती, असे आमचे अजूनही मत आहे.